घरच्या वायफायवर लॅपटॉपचे नेट वारंवार तुटत असेल, तर तपासणी कोठून सुरू करावी

‘नेट चालत नाही’ ही तक्रार एका वाक्याची असली, तरी तिच्यामागचे दोष एकमेकांपासून फार वेगळे असतात. ते वेगळे ओळखले नाहीत तर चांगला लॅपटॉप फॉरमॅट होतो, चांगला राउटर बदलला जातो आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. लातूर शहरात आणि औसा, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांत मी हेच काम करत आलो आहे. माझ्याकडे येणाऱ्या ज्या लॅपटॉपांत विंडोज आधीच एकदा-दोनदा नव्याने टाकून झालेले असते, त्यांतील बऱ्याच लॅपटॉपांत काहीही बिघाड नसतो. तो घरातल्या विजेत, राउटरच्या जागेत किंवा खांबावरून आलेल्या तारेत असतो. म्हणून पुढील तपासण्या पैसे न लागणाऱ्या गोष्टींपासून सुरू करून स्क्रू उघडण्यापर्यंत, या क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नये, एवढीच विनंती आहे.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे वायफाय जोडलेले दिसते, रेंजच्या रेघा पूर्ण असतात, परंतु खुणेच्या जागी पृथ्वीगोल येतो आणि ‘नो इंटरनेट’ असा संदेश दिसतो. दुसरे, आणि आपल्या भागात सर्वाधिक आढळणारे, म्हणजे नेट दिवसातून अनेकदा दोन-तीन मिनिटांसाठी पूर्ण जाते आणि काहीही न करता परत येते. तिसरे, राउटरच्या खोलीत सर्व ठीक चालते, पण आतल्या खोलीत किंवा माडीवर गेल्यावर व्हिडिओ थांबतो. चौथे, चार्जर लावलेला असताना नेट चालते आणि बॅटरीवर तुटते, किंवा झाकण मिटून पुन्हा उघडले की वायफाय जोडतच नाही. पाचवे, फोनवर राउटरचे नाव दिसते पण लॅपटॉपच्या यादीत ते नाव येत नाही; क्वचित वायफायचे बटणच नाहीसे झालेले असते. सहावे, काही संकेतस्थळे उघडतात आणि बँकेची किंवा प्रवेश परीक्षेच्या अर्जाची पाने मात्र सुरक्षिततेचा इशारा देऊन अडतात. सातवे, दिवसभर वेग बरा असतो आणि रात्री आठनंतर तो कोसळतो.

यांपैकी आपले लक्षण कोणते आहे, ते कोणत्या वेळी आणि घरातील कोणत्या जागी येते, हे दोन दिवस कागदावर लिहून ठेवावे. हा कागद पुढे तंत्रज्ञाला दाखवता येतो आणि त्याचा अर्धा वेळ वाचतो.

आधी बिघाडाची बाजू ठरवावी

घरातील इंटरनेटचे तीन टप्पे असतात. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा हवेतला टप्पा पहिला, राउटर आणि त्याला मिळणारी वीज हा दुसरा, आणि राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची तार हा तिसरा. कोणत्या टप्प्यात दोष आहे हे कळल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये, कारण बदललेल्या सेटिंगमुळे दुसरा दोष निर्माण झाला तर मूळचा दोष शोधणे दुप्पट कठीण होते.

सुरुवातीला रिचार्ज किंवा मासिक बिल संपलेले नाही ना, हे कंपनीच्या ॲपवर पाहावे. हे सांगणे किरकोळ वाटेल, परंतु अनेक कंपन्यांच्या सेवेत मुदत संपल्यावर वायफाय बंद होत नाही, फक्त पुढचा रस्ता बंद होतो, आणि त्यामुळे लॅपटॉपवर हुबेहूब पहिले लक्षण दिसते. महिन्याचा ठरलेला डेटा संपला असेल तर नेट न तुटता अतिशय मंद होते.

त्यानंतर फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवून त्याच वायफायवर जोडावा आणि फोनचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करावा. ही सूचना अनेकजण सोडून देतात. मोबाइल डेटा सुरू असेल तर वायफायमधून नेट येत नाही हे लक्षात येताच फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातो, आणि घरातील मंडळी ‘फोनवर तर चालते आहे’ असे म्हणून सगळा दोष लॅपटॉपवर टाकतात. मोबाइल डेटा बंद असतानाही फोन नीट चालत असेल आणि त्याच क्षणी लॅपटॉप अडत असेल, तरच संशयाची सुई लॅपटॉपकडे वळवावी. दोन्ही एकाच वेळी अडत असतील तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही.

उलट बाजूनेही हीच परीक्षा घ्यावी. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडावा आणि नेहमीचे काम अर्धा तास करावे. हॉटस्पॉटच्या जोडणीला विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ अशी खूण केली तर अपडेटच्या नावाखाली फोनचा डेटा वाया जात नाही. हॉटस्पॉटवरही लॅपटॉप तुटत असेल तर दोष बहुधा लॅपटॉपमध्येच आहे. हॉटस्पॉटवर तो स्थिर असेल तर लॅपटॉपचे वायफाय कार्ड चालू आहे, एवढे तरी सिद्ध होते. घरात लॅनची तार असेल आणि लॅपटॉपला तिचे छिद्र असेल, तर वायफाय बंद करून तारेने राउटरला जोडून पाहावे. तारेवर नेट सुरळीत चालले तर दोष फक्त हवेतल्या टप्प्यात उरतो.

राउटरवरील दिवे आणि पुन्हा सुरू करण्याची रीत

फायबर जोडणीच्या, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाने येणाऱ्या नेटच्या, डब्यावर वीज, पॉन (कंपनीशी जोडणी दाखवणारा), एलओएस (संकेत हरवल्याचे सांगणारा), लॅन आणि वायफाय असे दिवे असतात. पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर असला पाहिजे. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही, आणि तेथे आपली तपासणी संपते. ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लोंबती तार अडकणे, रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तुटणे, वानरांनी तिच्यावर लोंबकळणे किंवा उंदराने घरातला तुकडा कुरतडणे ही नेहमीची कारणे आहेत. घरातल्या घरात पाहण्यासारखे एकच असते : पिवळी किंवा पांढरी बारीक तार कपाटाखाली दबलेली किंवा खिळ्याभोवती करकचून गुंडाळलेली नसावी, कारण तीव्र वळणातून प्रकाश बाहेर गळतो. तिचे वेटोळे बांगडीपेक्षा लहान करू नये. त्या तारेचे टोक काढून डोळ्यासमोर धरणे मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे. त्यातील लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

राउटर पुन्हा सुरू करताना तो बंद करून अर्धा मिनिट तसाच ठेवावा आणि मग चालू करावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा सुरू करून त्याचा पॉनचा दिवा स्थिर होऊ द्यावा, त्यानंतर राउटर सुरू करावा आणि शेवटी लॅपटॉप. हा क्रम महत्त्वाचा असतो, कारण राउटर आधी जागा झाला आणि त्याला पलीकडून, म्हणजे कंपनीकडून, नेटवर्कवरचा पत्ताच (आकड्यांतली ओळख) मिळाला नाही, तर काही राउटर पुन्हा विचारणा करण्यात बराच वेळ घालवतात. एकदा पुन्हा सुरू केल्याने दोष आठवडाभर गेला तर ठीक. रोज पुन्हा सुरू करावे लागत असेल तर तो उपाय नसून लक्षण आहे. राउटरच्या मागील टाचणीने दाबण्याचे बारीक छिद्र या कामासाठी नाही. ते दाबले की कंपनीने भरलेली सर्व माहिती पुसली जाते आणि साध्या दोषासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

वीज आणि उष्णता

दोन-तीन मिनिटांसाठी नेट जाऊन परत येते, या दुसऱ्या लक्षणाचे कारण मराठवाड्यात बहुधा वीज असते. डीपीवर भार वाढला, फ्यूज उडाला, लाइन एका बाजूकडून दुसरीकडे घेतली की घरातील दिवा फक्त एकदा मिचकावतो आणि पंखा तर थांबतही नाही. त्यामुळे वीज गेली होती हे कोणाच्या लक्षातच येत नाही. राउटर मात्र तेवढ्या क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि सुरू होऊन कंपनीशी जोडणी होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने तो चालूच राहतो, आणि म्हणून दोष लॅपटॉपचा वाटतो. नेट गेले त्या क्षणी राउटरकडे धावत जाऊन दिवे पाहावेत. ते सर्व एकदम विझून एकामागून एक लागत असतील तर निदान पूर्ण झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. राउटरच्या अडॅप्टरवर सहसा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे नुसत्या कमी दाबाने तो सहजासहजी बंद पडत नाही. त्याला त्रास होतो तो क्षणभराच्या खंडाने आणि वीज परत येतानाच्या झटक्याने. इन्व्हर्टर असूनही राउटर बंद होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि साधा असे दोन पर्याय देणारे बटण असते, ते यूपीएसवर करावे. त्या स्थितीत बदल अधिक वेगाने होतो. तेवढ्यानेही भागले नाही किंवा घरात इन्व्हर्टर नसेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेणे हा मला सर्वांत योग्य खर्च वाटतो, आणि नवा राउटर घेण्यापूर्वी तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपियर लिहून न्यावेत. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ९ च्या जागी १२ चालणार नाहीत. अँपियर तेवढे किंवा अधिक असावेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही आधार लागतो, हे विसरू नये.

अडॅप्टर स्वतःही थकतो. त्याच्या आतील कपॅसिटर उष्णतेने कमकुवत झाले की राउटर रिकामा असताना चालतो आणि चार जण एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले की बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपियरचा दुसरा अडॅप्टर शेजाऱ्याकडून आणून एक दिवस लावून पाहिला की हा संशय फिटतो.

उष्णतेचे दुखणे मार्चपासून सुरू होते. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, आढ्याजवळ खिळ्याला टांगलेल्या राउटरभोवतीची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. दुपारी बारा ते पाच या वेळेत नेट तुटते आणि रात्री दोष नाहीसा होतो, असे कागदावर दिसत असेल तर राउटर पत्र्यापासून चार-पाच फूट खाली आणावा, त्याच्यावरचा कपडा किंवा प्लास्टिक काढावे आणि जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. याला एक रुपयाही लागत नाही.

राउटरची जागा

तिसऱ्या लक्षणासाठी भिंती पाहाव्या लागतात. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन फूट आणि काही ठिकाणी त्याहून जाड असतात, वर माळवदाचा मातीचा थर असतो, आणि अशा दोन भिंती ओलांडल्यावर वायफायमध्ये फारसा जीव उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात वसवलेल्या नव्या गावठाणांतील पातळ भिंतींच्या घरांत तोच राउटर सर्व खोल्यांना पुरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे शेजारच्या गावातील नातेवाइकाकडे जो राउटर उत्तम चालतो तोच आपल्या घरी चालेल असे गृहीत धरू नये.

धातू आणि पाणी हे वायफायचे मोठे अडथळे आहेत. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर नसावा. हिवाळ्यात ठीक असलेले नेट उन्हाळ्यात आतल्या खोलीत येईनासे झाले, तर मधल्या खिडकीत बसवलेल्या पत्र्याच्या कूलरकडे पाहावे. पत्रा आणि पाणी दोन्ही तेथे एकत्र असतात. कूलर हलवता येत नाही, पण राउटर हलवता येतो. तो घराच्या मध्याजवळ, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्या फळीवर ठेवावा. फोनवरील वायफाय मोजणाऱ्या मोफत ॲपमध्ये आकडा उणे डीबीएममध्ये (संकेताच्या ताकदीच्या एककात) दिसतो : ऑनलाइन वर्गासाठी तो −६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या अधिक जवळ, असावा, आणि −८० च्या आसपास गेला की जोडणी केव्हाही तुटेल असे समजावे.

लॅपटॉपच्या शेजारच्या वस्तूही तपासाव्यात. वायफायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात ब्लूटूथचा माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर हे सर्व एकत्र असतात. यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्क आणि हब यांच्यातून निघणारा रेडिओ गोंगाटही याच पट्ट्यावर पडतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये तांत्रिक लेखात दाखवून दिले होते. हार्ड डिस्क जोडली की नेट मंदावते असे दिसले, तर ती थोडी लांब तारेने दूर ठेवावी किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर न्यावा.

लॅपटॉपमधील सोप्या गोष्टी

फोनच्या परीक्षेत दोष लॅपटॉपचा ठरला असेल, तरच येथून पुढे जावे. विमानाचे चिन्ह असलेली कळ चुकून दाबली गेलेली नाही ना, हे पाहावे. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वायफायचे सरकते बटण असते, ते बॅगेत घासून बंद होते. नंतर तारीख आणि वेळ तपासावी. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे ब्राउझर लॅपटॉपच्या घड्याळावरून ताडून पाहतो, त्यामुळे घड्याळ मागे पडले की सहावे लक्षण दिसते. प्रत्येक वेळी बंद करून सुरू केल्यावर तारीख चुकत असेल तर आतील घड्याळाचा सेल संपला आहे. तो स्वस्त असतो, पण लॅपटॉप उघडून बदलावा लागतो. याच लक्षणात नेट दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी प्रॉक्सीची सेटिंग चुकून सुरू असणे, तसेच काम करणारे मोफत व्हीपीएन चालू राहणे आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस ही तीन कारणेही पाहावीत.

चौथ्या लक्षणासाठी डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर उजवी कळ दाबावी, प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढावी. काही नव्या लॅपटॉपांत हे पान नसते; तेथे बॅटरीची पद्धत बचतीवरून संतुलित किंवा उत्तम कामगिरीवर आणावी. वायफायचे कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपते आणि वेळेवर उठत नाही, एवढाच हा दोष असतो.

पासवर्ड बरोबर असून जोडणी होत नसेल तर त्या नेटवर्कवर ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने घालावा, कारण राउटरची सुरक्षा पद्धत बदलली तरी लॅपटॉप जुनीच नोंद धरून बसतो. लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी आयपीची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ आहे ना, हे पाहावे. पूर्वी एखाद्या कार्यालयात किंवा कॉलेजात कोणी कायमचा पत्ता भरून ठेवलेला असतो आणि तो घरच्या राउटरशी जुळत नाही.

पिंगची परीक्षा

एवढे करूनही दोष अधूनमधून येत असेल, तर अंदाज थांबवून मोजणी करावी. ‘पिंग’ ही आज्ञा दुसऱ्या यंत्राला हाक देते आणि उत्तर किती वेळात आले ते दाखवते. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा देण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत इंग्रजी अक्षरांत पिंग, मोकळी जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा मोकळी जागा, उणे चिन्ह आणि लगेच टी हे अक्षर लिहावे. राउटरचा पत्ता त्याच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो आणि तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. दुसऱ्या खिडकीत हीच आज्ञा ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यासाठी द्यावी. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून नेहमीचे काम चालू ठेवावे आणि नेट अडकले की त्यांच्याकडे पाहावे. थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्यात.

राउटरचे उत्तर साधारणपणे काही मिलिसेकंदांत यायला हवे. पहिल्या खिडकीतच उत्तरे शेकडो मिलिसेकंदांवर जात असतील किंवा ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष घरातल्या हवेतल्या टप्प्यात आहे. पहिल्या खिडकीत उत्तरे नियमित आणि दुसरीत खंड असेल तर दोष राउटरच्या पुढे आहे, आणि तेथे लॅपटॉपवरचा कोणताही उपाय उपयोगाचा नाही. दोन्ही खिडक्यांत उत्तरे नियमित असून पाने उघडत नसतील तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडत असते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून पाहावे. मला या सर्व तपासण्यांत ही सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्या निकालावर वाद घालता येत नाही. खिडक्यांचा फोटो काढून ठेवला तर कंपनीच्या तंत्रज्ञाशी बोलताना तो फार उपयोगी पडतो.

सातवे लक्षण, म्हणजे रात्रीची मंदी, याच परीक्षेत उघड होते. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि कंपनीची पुढची जोडणी अपुरी असेल तर सर्वजण घरी असण्याच्या वेळी ती भरते.

राउटरच्या सेटिंग

राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचे सेटिंगचे पान उघडते; तेथे काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्याचे भाग, १, ६ आणि ११ हे तीनच आहेत. लातुरात शिकवणी वर्गांच्या परिसरातील इमारतींत, जेथे प्रत्येक मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत वेगळा राउटर असतो, तेथे ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर सारखे चॅनल बदलत राहतो. फोनच्या ॲपमध्ये या तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनल पाहून तोच कायम करावा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. चॅनल १२ किंवा १३ निवडू नये. आपल्या देशात ते वापरता येतात, परंतु अमेरिकेच्या नियमांनुसार बांधलेल्या काही लॅपटॉपांना ते दिसतच नाहीत, आणि मग पाचवे लक्षण निर्माण होते.

५ गिगाहर्ट्झचा वेग चांगला असतो आणि गर्दीही कमी असते, पण भिंतीतून तो लवकर मंदावतो. त्यात ५२ ते १४४ या चॅनलांवर राउटरला रडारचा संकेत जाणवला तर चॅनल सोडून दुसरीकडे जावे लागते, त्यामुळे ३६ ते ४८ यांपैकी एक ठेवणे बरे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि लॅपटॉप सतत एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत असेल, तर त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत.

वायफाय ६ या नव्या पद्धतीचा राउटर आणल्यावर जुन्या लॅपटॉपला त्याचे नाव दिसेनासे होणे हाही परिचित दोष आहे. वायफाय कार्ड चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ड्रायव्हरला, नव्या पद्धतीची घोषणा वाचता येत नाही. ड्रायव्हर अद्ययावत होईपर्यंत राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी वायफाय ६ बंद करावे आणि पासवर्डची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए२ ठेवावी.

रेंज वाढवण्यासाठी जुना राउटर दुसऱ्या खोलीत जोडलेला असेल, तर त्याची पत्ते वाटण्याची सेवा, म्हणजे डीएचसीपी, बंद असली पाहिजे, त्याचा स्वतःचा पत्ता वेगळा, जसे १९२.१६८.१.२, असला पाहिजे, आणि तार त्याच्या लॅनच्या छिद्रात असली पाहिजे. एका घरात दोन राउटर पत्ते वाटू लागले की कोणत्या यंत्राला कोणता पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही. तारेने जोडलेला असा जुना राउटर हवेतून काम करणाऱ्या रिपीटरपेक्षा नेहमीच सरस ठरतो.

ड्रायव्हर, आणि मग कार्ड

अपडेटनंतर दोष सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करावे. अन्यथा लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्याच संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर शोधून देतो असे सांगणारी मोफत सॉफ्टवेअर टाळावीत. नेटच नसेल तर फोन यूएसबीच्या तारेने जोडून टेदरिंग सुरू केले की लॅपटॉपला तात्पुरते नेट मिळते. यानंतर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधील ‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा सॉफ्टवेअर उपाय उरतो. त्याने साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून घ्यावेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून वायफाय तुटते असे काही दुकानांत सांगितले जाते. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घेणे योग्यच आहे, परंतु आधार संपल्याने चालू वायफाय तुटत नाही.

वायफायचे बटणच नाहीसे झाले असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी आणि पॉवरची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. आत साठलेला विद्युतभार निघून गेल्यावर कार्ड पुन्हा ओळखले जाते, असे बऱ्याचदा घडते. दोष वारंवार परतत असेल तर काही शे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल लावून पाहावा. डोंगलवर नेट स्थिर राहिले तर आतले कार्ड किंवा त्याची अँटेना दोषी आहे, आणि पैशांची अडचण असेल तर तोच डोंगल कायम वापरायलाही हरकत नाही.

लॅपटॉपची वायफाय अँटेना बहुतेक मॉडेलांत पडद्याच्या चौकटीत असते आणि तिच्या केसासारख्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी मोडल्यावर किंवा पडदा बदलल्यावर फक्त राउटरच्या अगदी जवळच नेट येऊ लागले, तर तार तुटली आहे किंवा कार्डावरचे टोक नीट बसलेले नाही. ही टोके अतिशय नाजूक असतात आणि मोजक्या वेळाच काढ-घाल सहन करतात. यूट्यूब पाहून ती घरी बसवू नयेत.

येथे थांबावे

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तळाचा एकही स्क्रू उघडू नये. तळ फुगलेला वाटत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तो वायफायचा प्रश्न राहत नाही. बॅटरी फुगलेली असते, लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर न लावता दुरुस्तीला द्यावा. लॅपटॉपवर पाणी किंवा चहा सांडला असेल, राउटर किंवा अडॅप्टरला जळका वास येत असेल, तर ‘एकदा लावून पाहू’ असे करू नये. मे-जूनच्या वळवाच्या पावसाचे ढग दाटू लागले की राउटरचा अडॅप्टर बोर्डातून काढावा, आणि शेजारच्या गच्चीवरून तांब्याची लॅन तार येत असेल तर तीही काढावी, पण गडगडाट सुरू होण्याआधीच; तो सुरू झाल्यावर तारेला हात लावू नये. वीज पडल्यानंतर एक छिद्र बंद आणि बाकी चालू अशा स्थितीतला राउटर फार दिवस टिकत नाही. तो तंत्रज्ञाला दाखवावा.

खांबावर कोणत्याही परिस्थितीत चढू नये. नेटची तार आणि महावितरणची जिवंत तार अनेक ठिकाणी एकाच खांबावर असतात. वीज दिवसातून अनेकदा मिचकावत असेल किंवा दिवे अचानक प्रखर होत असतील तर वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तो दोष फक्त राउटरचा नाही, घरातील प्रत्येक यंत्राचा आहे.

एलओएसचा लाल दिवा, पिंगच्या दुसऱ्या खिडकीतले खंड आणि रात्रीची मंदी यांसाठी नेटच्या कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तंत्रज्ञ आल्यावर फायबरच्या प्रकाशाची पातळी मोजून सांगण्याची विनंती करावी. या जोडण्यांत प्रचलित मर्यादा −२७ डीबीएमपर्यंतची असते. आकडा तिच्या जवळ पोहोचला असेल तर आज चालणारे नेट पहिल्या पावसात किंवा तार थोडी हलल्यावर जाऊ शकते, म्हणून जोड नव्याने करून मागावा. आपण लिहिलेल्या वेळा आणि पिंगचे फोटो त्याला दाखवावेत, लॅपटॉप त्याच्यासमोर नेहमीच्या खोलीत चालवून पाहावा, आणि ते झाल्यानंतरच तक्रार बंद करण्यासाठी आलेला ओटीपी द्यावा.